दुरुस्ती आणि बनावट

जुनी वस्तू दुरुस्त करताना तिच्यात किती बदल केला तर ती तीच राहते आणि कोठून पुढे ती दुसरीच वस्तू होते? हा प्रश्न वरकरणी रिकाम्या वेळचा वाटेल. परंतु त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे आणि तो नीतीचा आहे. दुरुस्ती कोठे संपते आणि बनावट कोठे सुरू होते? जुने घर, जुना दस्तऐवज, आजीचा दागिना, वाळवी लागलेला ग्रंथ, यांपैकी कशाचीही डागडुजी ज्याने केली असेल त्याच्यासमोर हा प्रश्न कधी ना कधी उभा राहिलाच असेल. आमच्या घरात तो एका मोटरसायकलच्या निमित्ताने उभा राहिला. गेली काही वर्षे आम्ही सारे मिळून, म्हणजे अब्बा, धाकटा भाऊ, आम्ही आणि आमची दोन मुले, रविवारचा वेळ तिच्यावर घालवत आहोत. त्या कामात हात काळे झालेच, पण डोक्यालाही पुष्कळ काम मिळाले. त्याविषयी हे चार शब्द.

गाडी बीएसए कंपनीची, एम-२० नावाची. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. नावावरूनच कळते की ही मुळात बंदुका करणारी कंपनी. बर्मिंगहॅमच्या बंदूककारागिरांनी १८६१ मध्ये ती स्थापन केली. पुढे सायकली आणि मग मोटरसायकली आल्या, तरी टाकीवरची खूण एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुकांचीच राहिली. एम-२० ही ४९६ सीसीची, एका सिलिंडरची, साइड व्हॉल्व्ह इंजिनाची गाडी. ती १९३७ सालासाठी बाजारात आली. दोन वर्षांनी दुसरे महायुद्ध पेटले आणि या साध्या, वजनदार, फारशा वेगवान नसलेल्या गाडीला लष्कराची मागणी आली. युद्धकाळात अशा सुमारे सव्वा लाख गाड्या तयार झाल्या. १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी स्मॉल हीथ येथील या कारखान्यावर बॉम्ब टाकले, त्यात रात्रपाळीचे ५३ कामगार मेले. तरीही काम कायमचे थांबले नाही.

त्या सव्वा लाखांतल्या काही गाड्या ब्रिटिश फौजेबरोबर हिंदुस्थानात आल्या. युद्ध संपल्यावर नको असलेले लष्करी सामान विकायला निघाले. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द जुन्या पिढीतल्या वाचकांना आठवत असेल. आमच्या दादांनी, म्हणजे अब्बांच्या वडिलांनी, १९५० च्या सुमारास अशीच एक गाडी दुसऱ्याकडून घेतली. दादा कापडाचे छोटे व्यापारी होते. आठवडे बाजार करायचे. गाडी घेतल्यावर त्यांनी पहिले काम केले ते गावातल्या लोहाराकडून मागच्या बाजूला लोखंडी कॅरिअर जोडून घेण्याचे. त्या कॅरिअरवर कापडाची थाने बांधून ते पंचवीस वर्षे गावोगाव फिरले. नंतर गाडी परसात गेली आणि तिथेच गंजत राहिली.

आम्ही तिला पुन्हा चालती करायचे ठरवले तेव्हा सुरुवातीलाच घरात मतभेद झाले. 'पूर्वीसारखी करायची' एवढ्यावर सर्वांचे एकमत होते. पण पूर्वीसारखी म्हणजे कधीसारखी? भावाचे म्हणणे असे की, कारखान्यातून निघाली त्या दिवसासारखी. त्यासाठी दादांनी दिलेला काळा रंग खरवडून खाकी रंग द्यायचा आणि लोहाराचे ते ओबडधोबड कॅरिअर कापून टाकायचे. अब्बा म्हणाले, "मग माझ्या बापाची गाडी कुठे राहिली?" दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. एकाला यंत्राचा इतिहास खरा ठेवायचा होता, दुसऱ्याला घराचा.

हा वाद आमच्या घरचा नाही, फार जुना आहे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. नागसेन राजाला विचारतो, तू येथे कशातून आलास? राजा म्हणतो, रथातून. मग नागसेन एकेक भाग घेऊन विचारत जातो. आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. शेवटी राजाच्याच तोंडून निघते की, या सर्व भागांच्या आधाराने 'रथ' हे एक नाव वापरले जाते, एवढेच. ग्रीकांकडे हाच प्रश्न थिसियसच्या जहाजाच्या रूपाने आला. प्लुटार्कने लिहून ठेवले आहे की, अथेन्सच्या लोकांनी त्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या बदलत बदलत ते जपले आणि तत्त्वचिंतकांत वाद लागला की हे जहाज तेच की दुसरे. सतराव्या शतकात थॉमस हॉब्स या इंग्रज विचारवंताने त्यात आणखी एक पेच घातला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून ठेवल्या आणि त्यांचे पुन्हा जहाज बांधले, तर दोहोंपैकी खरे कोणते?

मोटरसायकलींच्या दुनियेत हा पेच प्रत्यक्षात येऊन गेला आहे. बर्मिंगहॅमजवळ ब्रिटनचे राष्ट्रीय मोटरसायकल संग्रहालय आहे. १६ सप्टेंबर २००३ रोजी तेथे आग लागली आणि सुमारे ३८० गाड्या जळाल्या. संग्रहालय डिसेंबर २००४ मध्ये पुन्हा उघडले. जळालेल्या गाड्यांपैकी पुष्कळशा कारागिरांनी पुन्हा उभ्या केल्या. आगीत ज्या गाडीचे अ‍ॅल्युमिनियम वितळले, रबर आणि रंग राख झाले, तिच्यात पूर्वीचे काय उरले असेल? तरी पाहणारा तिला तीच गाडी समजून पाहतो. तो फसला असे आम्ही म्हणणार नाही, कारण आग लागली होती ही गोष्ट कोणी लपवलेली नाही. एखाद्या विक्रेत्याने मात्र अशीच जळून पुन्हा उभी केलेली गाडी 'अगदी कारखान्यातून आली तशी' म्हणून विकली, तर ती फसवणूक होईल. दोन्हीकडे काम एकाच दर्जाचे असू शकते. फरक फक्त काय सांगितले आणि काय लपवले यात आहे.

हा मुद्दा आम्हाला महत्त्वाचा वाटतो. 'तीच की दुसरी' या प्रश्नाचे उत्तर धातूत शोधत बसलो तर ते मिळत नाही. नागसेनाने राजाला ते दाखवूनच दिले आहे. पण म्हणून सारेच सारखे, काहीही करा, असेही होत नाही. नाव हा माणसांमधला व्यवहार असेल, तर व्यवहाराला लागू होणारी सचोटी नावालाही लागू होते.

या सचोटीची परीक्षा आमच्याकडे इंजिनावर झाली. इंजिनाच्या खालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीला क्रँककेस म्हणतात. आमच्या गाडीच्या क्रँककेसचा एका बाजूचा तुकडाच निघालेला होता, वेल्डिंगने भागण्यासारखे नव्हते. तिचे दोन्ही अर्धे भाग जोडीने कापून-घासून बसवलेले असतात, त्यामुळे बदलायची तर जोडीच बदलावी लागते. भंगाराच्या बाजारात बऱ्याच शोधानंतर दुसऱ्या एका एम-२० ची जोडी मिळाली. इंजिनाचा नंबर ठोकलेला असतो तो याच क्रँककेसवर. साहजिकच नव्या जोडीवरचा नंबर निराळा होता आणि दादांच्या आरसी बुकात लिहिलेला निराळा.

जुन्या गाड्यांचे व्यवहार करणारे एक गृहस्थ आमच्याकडे येऊन गेले. त्यांनी सहज सुचवले की, हा नंबर घासून टाका आणि पुस्तकातला नंबर ठोका. एका दुपारचे काम आहे. नंबर जुळले तर गाडीची किंमत कितीतरी वाढेल. त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता. गाडी तुमचीच, पुस्तक तुमचेच, नंबरही तुमच्याच गाडीचा. चोरीचा माल नाही. मग यात नुकसान कुणाचे?

आम्ही त्यावर पुष्कळ विचार केला. कायद्याच्या दृष्टीने उत्तर सोपे आहे. इंजिन बदलले तर तशी नोंद परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागते, नंबर खोडून दुसरा ठोकणे हा मार्गच नव्हे. पण कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच. ठोकलेला आकडा म्हणजे त्या धातूने दिलेली साक्ष असते. 'मी अमुक वेळी अमुक ठिकाणी तयार झालो' असे तो सांगतो. तो घासून दुसरा ठोकला म्हणजे आपण एका साक्षीदाराचे तोंड बंद करतो आणि दुसऱ्याच्या तोंडी खोटे शब्द घालतो. ज्या अनोळखी गाडीची ती क्रँककेस होती, तिचाही काही इतिहास असेल. कोणीतरी शिपाई, कोणीतरी दूधवाला तिच्यावर बसला असेल. तिची एवढीच खूण जगात उरलेली असेल तर ती पुसण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला?

गंमत अशी की, ज्या 'जुळणाऱ्या नंबरां'साठी एवढा आटापिटा चालतो, ते बीएसएच्या त्या काळच्या गाड्यांत मुळातच जुळत नसत. इंजिनाचा आकडा वेगळा, चासीचा वेगळा. कोणते इंजिन कोणत्या चासीत बसवून पाठवले हे कारखान्याच्या वहीत लिहिलेले असे. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनमधील व्हिंटेज मोटर सायकल क्लबने अशा जुन्या वह्या जपून ठेवल्या आहेत. शिवाय लष्कराच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये अनेक गाड्या एकाच वेळी खोलून हाती येईल ते इंजिन हाती येईल त्या चासीत बसवले जाई. युद्धात गाडी उद्या चालली पाहिजे एवढेच महत्त्वाचे. म्हणजे दादांच्या हाती गाडी येण्यापूर्वीच ती कदाचित तीनचार गाड्यांची मिळून झालेली असेल. तिच्याकडून निर्भेळपणाचा दाखला मागणे हाच मुळी अन्याय आहे. अशा मागणीपायीच माणूस खोटा आकडा ठोकायला प्रवृत्त होतो.

आम्ही पेशाने शिक्षक. आमच्या शाळेतल्या जनरल रजिस्टरचे उदाहरण येथे द्यावेसे वाटते. विद्यार्थ्याचे नाव किंवा जन्मतारीख त्यात चुकीची लिहिली गेली असेल तर ती दुरुस्त करता येते. मात्र रबराने खोडून नव्हे, वर पांढरा रंग फासूनही नव्हे. वरिष्ठांची मंजुरी घ्यायची, जुन्या नोंदीवर लाल शाईची एक रेघ मारायची, नवी नोंद लिहायची, सही करायची. रेघेखालचा जुना शब्द वाचता आला पाहिजे. ही पद्धत ज्याने घालून दिली त्याला दुरुस्ती आणि बनावट यांतला भेद नेमका कळला होता. दुरुस्तीत जुने वाचता येते, बनावटीत ते पुसून टाकलेले असते.

जुन्या वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिस येथे एक सनद तयार झाली. तिच्यातही हेच तत्त्व आहे. तुटलेल्या भागाच्या जागी नवा भाग घालताना तो एकूण रूपाशी मेळ खाणारा असावा, पण पाहणाऱ्याला मूळ भागापासून वेगळा ओळखू यावा. त्याच्याही शंभर वर्षे आधी जॉन रस्किन याने इमारतींच्या 'जीर्णोद्धारा'वर कडक टीका केली होती. त्याच्या मते असा जीर्णोद्धार म्हणजे मूळ इमारतीचा नाश आणि वर खोटेपणा. रस्किन टोकाला गेला असे आम्हाला वाटते. कारण पडू दिलेली भिंत आणि गंजू दिलेली गाडी कोणाच्याच उपयोगाची नसते. पण खोटेपणाचा धोका त्याने ओळखला होता, हे मान्य केले पाहिजे.

आपल्या देशातही २०२१ मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम आले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात ठेवलेली आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल न केलेली गाडी असेल तर तिला 'व्हीए' अक्षरे असलेला खास नंबर मिळतो. ती रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. नियम चांगला आहे. पण 'मूळ स्वरूप' हे दोन शब्द वाचून आम्ही थबकलो. दादांचे कॅरिअर मूळ स्वरूपात मोडते की नाही? ब्रिटनमध्ये ज्या वाहनाचे वय वा ओळख निश्चित सांगता येत नाही त्याला 'क्यू' अक्षराने सुरू होणारा नंबर देतात. शौकिनांना तो कमीपणाचा वाटतो. आम्हाला त्यात प्रामाणिकपणा दिसतो. 'नक्की माहीत नाही' असे लिहून ठेवायला सरकारही तयार आहे, ही लहान गोष्ट नव्हे.

आता नावाविषयी थोडे. रॉयल एनफिल्ड ही इंग्लंडमधल्या रेडिच गावची कंपनी. १९५५ मध्ये मद्रासला तिच्या सहकार्याने एनफिल्ड इंडिया सुरू झाली आणि बुलेट येथे तयार होऊ लागली. इंग्लंडमधले उत्पादन १९७० पर्यंत संपले, मद्रासचे चालू राहिले. १९७७ मध्ये तर येथे झालेल्या बुलेट ब्रिटनला विकायला जाऊ लागल्या. मग खरी बुलेट कोणती? फळ्या इकडच्या, नकाशा तिकडचा, आणि मूळ बंदरच नाहीसे झालेले! बीएसएचे याच्या उलट झाले. तिचा मोटरसायकलचा धंदा १९७३ मध्ये संपला. २०१६ मध्ये महिंद्र समूहाशी संबंधित क्लासिक लिजेंड्स या कंपनीने ते नाव विकत घेतले आणि २०२४ मध्ये त्या नावाची नवी गाडी भारतात विक्रीला आली. एकीकडे काम अखंड चालले आणि मायभूमी गेली. दुसरीकडे काम पन्नास वर्षे थांबले आणि नाव तेवढे परत आले. दोन्हींत गैर काही नाही, कारण हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. आमचे मत विचाराल तर, ज्या कारखान्यात एका कारागिराने दुसऱ्याला हाताला धरून शिकवले आणि ती साखळी तुटली नाही, तेथे वारसा अधिक खरा.

घरातल्या छंदाचे समर्थनही आम्ही याच मुद्द्यावर करतो. शिक्षकाच्या पगारात असा छंद परवडतो का, ही फिजूलखर्ची नव्हे का, असे विचारणारे नातलग आहेत आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून आम्ही सुरुवातीलाच ठरवले की मुलांच्या शिक्षणाच्या आणि घरच्या औषधपाण्याच्या पैशाला हात लावायचा नाही. पैसे नसतील त्या महिन्यात नुसती साफसफाई करायची. काम लांबले, पण लांबल्यामुळे मुले शिकली. या गाडीचे नट-बोल्ट जुन्या इंग्रजी मापांचे आहेत. आजचा मिलिमीटरचा पाना त्यांवर नीट बसत नाही, जोर लावला तर नटाचे कोपरे मारतो. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचे एक प्रमाण माप सुचवले, त्याचा कोन ५५ अंशांचा. आजच्या मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंशांचा. जुन्या पान्यावरचा आकडाही नटाच्या तोंडाचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. आमच्या मुलीने हे सारे उस्तादांकडून शिकून घेतले. गावातले हे वृद्ध मिस्त्री आता स्वतः काम करीत नाहीत, पण शेजारी खुर्ची टाकून बसतात. पाना उचलण्यापूर्वी समोरच्या वस्तूचे माप विचारावे, ही त्यांची शिकवण वर्गात आम्हालाही उपयोगी पडते.

शेवटी रंगाचा आणि कॅरिअरचा वाद कसा सुटला ते सांगितले पाहिजे. जपानने मलाया घेतल्यावर इंग्रजांना रबराची टंचाई पडली, तेव्हा लष्करी गाड्यांच्या मुठींवर रबराऐवजी कॅनव्हास चढवले जाऊ लागले. आज युद्धकाळातली गाडी नीट सजवणारे लोक मुद्दाम तसे कॅनव्हास शोधून लावतात, कारण त्या टंचाईतही इतिहास आहे. हे वाचल्यावर भावानेच विचारले की, मलायातल्या टंचाईची खूण जपायची आणि आपल्या घरातल्या गरजेची खूण कापायची, हे कसे? ही गाडी तयार झाली ती एका साम्राज्याच्या युद्धासाठी. त्या युद्धात आपल्या देशाचे पंचवीस लाखांहून अधिक सैनिक लढले, पण ते व्हावे की न व्हावे हे त्यांना कोणी विचारले नव्हते. बंदुकांची खूण मिरवणाऱ्या त्या गाडीवर पुढे पंचवीस वर्षे बायाबापड्यांच्या लुगड्यांची थाने लादली गेली. तिच्या आयुष्यातला हा भाग पुसून तिला पुन्हा लष्करी खाकी चढवावी, असे मग कोणालाच वाटेना. कॅरिअर राहिले. रंग काळाच दिला, पण टाकीच्या खालच्या बाजूला, जेथे काळ्याखालचा खाकी दिसत होता, तेवढा तळहाताएवढा तुकडा तसाच ठेवला.

नव्या क्रँककेसवरचा नंबर आहे तसा आहे. इंजिन बदलल्याच्या नोंदीसाठी अर्ज केला आहे. व्हीए नंबर मिळेल की नाही ते कॅरिअर पाहणारा अधिकारी ठरवील. मुलांनी एक वही केली असून तिच्यात तीन रकाने आहेत: जुने, दुरुस्त केलेले, नवे. प्रत्येक भागापुढे तो कोठून आला, कोणी बसवला आणि कधी, हे लिहिलेले आहे. जुनी फुटकी क्रँककेसही पोत्यात गुंडाळून ठेवली आहे.

दादांची एक सवय अब्बा नेहमी सांगतात. थानात कोठे डाग असेल, धागा तुटला असेल, तर गिऱ्हाइकाला तो आधी दाखवायचा आणि मगच कात्री लावायची. त्यामुळे एखादे गिऱ्हाईक निघूनही जाई. ही मोटरसायकल पुढेमागे कोणी विकली, तर ती वही गाडीबरोबर द्यायची असे आम्ही ठरवले आहे. तिच्यामुळे किंमत कमी येईल हे आम्हाला माहीत आहे.